पुळण, खाडी आणि भाताचे बियाणे : प्राथमिक शाळेतील मुलांना हाताने विज्ञान शोधू देण्याविषयी

कोकणच्या किनाऱ्यालगत वाढणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला बरेच काही ठाऊक असते. ओहोटीला कुर्ल्या कोणत्या दगडांखाली बसतात, खाडीला पाणी चढू लागले की पलीकडच्या वाडीतून केव्हा निघायला हवे, पावसाळ्यात अंगणातली कोणती पायरी निसरडी होते, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते. पाहून, करून आणि प्रसंगी धडपडून ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परिसर अभ्यासाच्या तासाला मात्र हेच मूल व्याख्या पाठ करू लागते आणि त्याची पाहण्याची सवय वर्गाबाहेर राहते. ही सवय वर्गात आणायची असेल तर काय काय करता येईल, ते येथे क्रमाने मांडले आहे. पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवणारे शिक्षक आणि घरी मुलांना हाताशी घेऊन काही करू इच्छिणारे पालक, अशा दोघांनाही ते उपयोगी पडावे. सारा भर एकाच गोष्टीवर आहे : उत्तर सांगण्याआधी मुलाला अंदाज बांधू द्यावा, तो स्वतःच्या हाताने तपासू द्यावा आणि तो चुकला तर पुन्हा तपासण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा.

सुरुवात प्रश्नापासून

मुलांचे प्रश्न बहुधा 'का'चे असतात. 'समुद्र खारट का?' हा त्यातला नेहमीचा प्रश्न. नद्या खडकांतले क्षार कोट्यवधी वर्षे समुद्रात वाहून आणत आहेत, हे त्याचे उत्तर खरे असले तरी मुलाला ते तपासून पाहता येत नाही. ते केवळ विश्वासाने ऐकून घ्यावे लागते. म्हणून शिक्षकाने पहिले काम करायचे ते प्रश्नाला हाताच्या आवाक्यात आणण्याचे. 'एक लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ किती असेल?' असे विचारले की लगेच काहीतरी करता येते. स्वच्छ पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, आणलेले एक लिटर पाणी फडक्यातून गाळून रुंद परातीत ओतावे, वर पातळ कापड बांधून ती उन्हात ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी तळाला जमलेले मीठ खरवडून किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणावे. खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. परातीतले मीठ थोडे ओलसर राहत असल्याने वजन किंचित जास्त भरेल, आणि पाणी खाडीच्या मुखाजवळचे असेल तर ते कमीही भरेल. तो फरक दिसला की पुढचा प्रश्न मुलेच विचारतात : खाडीत आतवर गेलो तर मीठ किती कमी होईल? मग दोन पराती मांडाव्यात. मूळचा 'का'सुद्धा टाकून देऊ नये. वहीच्या शेवटच्या पानावर तो लिहून ठेवावा आणि मूल मोठे होईपर्यंत तिथे राहू द्यावा.

प्रश्न योग्य आहे की नाही, हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो. त्याचे उत्तर मुलाला स्वतः काही करून मिळायला हवे, ते एका तासात किंवा फार तर पंधरवड्यात मिळायला हवे, आणि मुलाचा पहिला अंदाज चुकण्याला त्यात वाव असायला हवा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, तो करताना मुले केवळ शिक्षकाला आवडेल ते बोलतात.

तयारी

चार-चार मुलांचे गट करावेत. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसत असतील तर ती अडचण समजू नये. प्रत्येक गटात एक मोठे मूल वाचायला-मोजायला आणि एक लहान मूल बारकाईने पाहायला, अशी जोडी फार चांगली जमते. ओतणे, मोजणे आणि लिहिणे ही कामे दर वेळी फिरवावीत. मुलांनी प्रयोग करायचा आणि सुंदर अक्षर म्हणून मुलींनी लिहायचे, अशी वाटणी नकळत होते, तिच्याकडे शिक्षकाने मुद्दाम लक्ष ठेवायला हवे. कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलाला समुद्राबद्दल आपल्यापेक्षा अधिक कळत असेल तर त्या तासाला पुढाकार त्याच्याकडे द्यावा.

साहित्याचा डबा गावातल्या वस्तूंनीच भरतो. करवंट्या, सारख्या मापाचे काचेचे पेले, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या, मोजपट्टी, सुतळी, जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक, गाळणी, जुनी वर्तमानपत्रे आणि मीठ एवढे पुरते. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : 'मला काय वाटते', 'मी काय केले' आणि 'काय झाले'. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्रे काढली तरी चालेल. पहिला रकाना भरल्याशिवाय साहित्याला हात लावायचा नाही, एवढा एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. प्रत्येक प्रयोग शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः करून पाहिलेला असावा.

बुडते काय, तरंगते काय

जूनच्या मध्याला शाळा सुरू होते तेव्हा गावात पेरणीची घाई असते. बुडणे आणि तरंगणे हा विषय त्याच दिवसांत घ्यावा, कारण तो शेतावर प्रत्यक्ष वापरला जातो. प्रथम एक मोठे घमेले पाण्याने भरून मध्ये ठेवावे आणि बाजूला असोला नारळ, सुपारी, लोखंडी खिळा, जांभ्या दगडाचा तुकडा, स्टीलची वाटी आणि केळीच्या दांड्याचा तुकडा मांडावा. काय बुडेल, ते प्रत्येकाने लिहायचे. जवळजवळ सगळी मुले 'जड ते बुडते' या विचाराने चालतात. किलोभर वजनाचा नारळ तरंगतो आणि बोटभर खिळा तळाला जातो, तेव्हा हा विचार डळमळीत होतो. येथे शिक्षकाने घनतेची व्याख्या सांगण्याचा मोह आवरावा. 'मग जड म्हणजे काय?' एवढेच विचारून थांबावे. जांभ्याचा तुकडा बुडताना त्यातून बुडबुडे निघतात, तेही कुणाला दिसले तर टिपून घ्यावे. वाटी आधी उपडी न करता अलगद ठेवली तर तरंगते आणि पाणी भरले की बुडते, हे मुले आपण होऊन करून पाहतात.

आता घरून मूठभर भाताचे बियाणे आणायला सांगावे. ते आधी साध्या पाण्यात टाकायचे, ढवळायचे आणि वर आलेले दाणे मोजायचे. नंतर एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवून उरलेले दाणे त्यात टाकायचे. साध्या पाण्यात बुडालेल्यांपैकी काही दाणे आता वर येतात. पेरणीपूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाकून पोचट दाणे वेगळे काढावेत, अशी शिफारस कृषी विभाग शेतकऱ्यांना करतो. मुले तेच छोट्या मापात करत असतात. किनाऱ्यावरच्या मुलाला येथे हमखास सुचते की समुद्राचेच पाणी वापरले तर काय होईल. त्याला ते आणून करू द्यावे. परातीतल्या 35 ग्रॅमांची आठवण तेव्हा आपोआप निघते.

मुख्य भाग पुढे आहे. मिठाच्या पाण्यात बुडालेले 20 आणि तरंगलेले 20 दाणे प्रत्येक गटाने साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवून घ्यावेत, एक दिवस भिजत ठेवावेत आणि नंतर ओल्या गोणपाटाच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांत गुंडाळून ठेवावेत. घरी रहू, म्हणजे पेरणीसाठी मोड आणलेले भात, काढणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना कापड किती ओले ठेवायचे ते विचारून यायला सांगावे. दोन-तीन दिवसांत मोड दिसू लागतात. तेव्हा एखादी मुलगी धावत येऊन सांगते, "बाई, तरंगलेल्यांतलेपण उगवले!" या क्षणी 'बरोबर' किंवा 'चूक' असे काहीच म्हणू नये. "किती उगवले?" असे विचारावे.

"तीन."

"आणि बुडालेल्यांतले?"

ती परत जाते, मोजते आणि सतरा-अठरा असा काहीतरी आकडा घेऊन येते. 'तरंगलेले उगवत नाहीत' हे तिचे पहिल्या रकान्यातले वाक्य आता 'तरंगलेले फार थोडे उगवतात' असे बदलते. माझ्या मते संपूर्ण वर्षात एवढा एक बदल घडला तरी तासांचे चीज झाले, कारण निसर्गातली बहुतेक उत्तरे अशीच कमी-अधिक प्रमाणाची असतात आणि मोजल्याखेरीज ती हाती लागत नाहीत. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून बेरीज करावी. एका गटाचा निकाल योगायोगाने वेगळा आला असेल तर तो बेरजेत कसा मिसळतो, ते चौथीच्या मुलांना समजते.

याच धाग्यावर अंड्याचा प्रयोग जोडावा. ताजे अंडे समुद्राच्या पाण्यात तरंगेल, असा अंदाज मुले छातीठोकपणे लिहितात. ते बुडते. मग पेल्यातल्या साध्या पाण्यात चमचा-चमचा मीठ विरघळवत जावे आणि कितव्या चमच्याला अंडे वर येते, ते पाहावे. लिटरमागे 100 ग्रॅमांच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक मीठ लागते, म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या मिठाच्या सुमारे तिप्पट. दोन गटांचे चमचे जुळले नाहीत तर अंडी किती दिवसांची होती, ते विचारावे. शिळ्या अंड्यात हवा वाढलेली असते आणि ते लवकर वर येते. प्रयोगानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

पावसाचे माप

कोकणात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण मिलिमीटरने पाऊस मोजतात म्हणजे काय, हे अनेक मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही. सरळ भिंतींच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून तोंडात बसवावा. तळ वाकडा असतो म्हणून आत खडे टाकून पाणी एका रेघेपर्यंत भरावे आणि तिथून शून्य धरून कागदी पट्टी चिकटवावी. बाटली झाड आणि पागोळ्या यांपासून दूर, विटांच्या आधाराने उघड्यावर ठेवावी. हवामान खाते सकाळी 8.30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 असे 24 तास मोजते, म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलाने त्या वेळी आकडा घ्यावा. 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार आणि 115.6 पासून पुढे अतिमुसळधार, ही खात्याची मापे वर्गात लावून ठेवली की बातमीतला शब्द आणि स्वतःची बाटली यांचा मेळ घालता येतो. एकदा बाटलीशेजारी सरळ कडांचे रुंद पातेलेही ठेवून पाहावे. पातेल्यात पाणी कितीतरी जास्त जमते, पण त्याची उंची जवळपास तेवढीच भरते. याचा उलगडा मुलांना लगेच होत नाही. त्यावर एक-दोन दिवस वाद चालू द्यावा.

भरती-ओहोटीचा पंधरवडा

दसरा-दिवाळीनंतर समुद्र शांत होतो. तेव्हा हा अभ्यास घ्यावा, आणि तोही पुळणीवर न घेता खाडीच्या धक्क्यावर घ्यावा, कारण धक्क्याच्या पायऱ्या म्हणजे आयती मोजपट्टीच असते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी पाच वाजता, शाळा सुटल्यावर, किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते वरूनच मोजून लिहायचे. बरोबर मोठे माणूस असलेच पाहिजे आणि शेवाळलेल्या पायरीवर कुणीही उतरायचे नाही.

वेळ रोज तीच असूनही पायऱ्यांची संख्या बदलत जाते. अमावास्येला पाचच्या सुमारास ओहोटी असते, सप्तमीच्या आसपास भरती असते आणि पौर्णिमेला पुन्हा ओहोटी येते. हे आकडे चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन जोडले की त्यांचा चढ-उतार नजरेत भरतो.

यानंतर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब मुलांपुढे ठेवावा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचे. तिसरी-चौथीच्या मुलांना पाऊणकीचा एवढा खरा उपयोग दुसरीकडे क्वचितच सापडेल. मात्र हा हिशेबही तपासायचा आहे. मासेमारी करणाऱ्या एखाद्या पालकाला त्या दिवसांतल्या पूर्ण भरतीच्या वेळा सांगायची विनंती करावी आणि त्या हिशेबाशेजारी लिहाव्यात. तुमच्या धक्क्यावरची वेळ काही मिनिटांनी, कुठे तासाभरानेही पुढे-मागे निघेल. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, आणि किनाऱ्याच्या ठेवणीप्रमाणेही वेळ बदलते. हा फरक रोज साधारण सारखाच येतो का, ते मुलांनी पाहावे. तसा येत असेल तर 'आपल्या गावाची दुरुस्ती' म्हणून तो आकडा हिशेबात मिळवावा आणि पुढच्या आठवड्यातल्या भरतीची वेळ आधीच फळ्यावर लिहून ठेवावी. ते भाकीत खरे ठरले की वर्गात जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

चंद्र रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे मुलांनी चंद्राकडे पाहून टिपलेले असेल तर सांगावे. नसेल तर पुढच्या पंधरवड्यात चंद्र टिपायला लावावा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला पाणी कमी चढते. धक्क्यावर सर्वांत उंच ओली रेघ कोणत्या दिवशी होती, एवढे विचारले तरी याची सुरुवात होते.

ओहोटीला खडकांतली डबकी पाहायला मुलांना न्यायचे असल्यास ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी जावे आणि पाणी वळले की निघावे. शंखात जीव असेल तर तो तिथेच राहू द्यावा, उचललेला दगड पुन्हा तसाच पालथा घालावा आणि जेलीफिश मेलेली दिसली तरी तिला हात लावू देऊ नये.

काळी वाळू आणि लोहचुंबक

रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यावर काळी वाळू सहज मिळते. इतरत्र पांढऱ्या वाळूतही तिच्या रेघा दिसतात. वाळू पूर्ण वाळवावी आणि चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवावा. पिशवी नसेल तर चिकटलेले कण पुन्हा सुटता सुटत नाहीत. पिशवीतून चुंबक बाहेर काढला की कण कागदावर गळून पडतात. काही काळे कण चुंबकाकडे झेपावतात, काही हलतही नाहीत. या वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट अशी लोहयुक्त खनिजे असतात, पण साध्या चुंबकाला इल्मेनाइट फारशी दाद देत नाही. त्यानंतर जांभ्याचा तुकडा द्यावा. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो, तरीही तुकडा चुंबकाला चिकटत नाही. नवा खिळा आणि पार गंजलेल्या खिळ्याची भुकटी शेजारी ठेवून पाहिली तर मुलांना तर्काचा एक धागा मिळतो.

त्याच तासात सुई चुंबकावर एकाच दिशेने वीस-तीस वेळा घासून पाण्यावरच्या झाडाच्या पानावर ठेवावी. ती उत्तर-दक्षिण स्थिरावते, आणि कात्री जवळ नेली की वळते. अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगण्याची हीच वेळ असते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकीय नोंदी बिघडण्याची भीती निर्माण झाली, म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली आणि तिच्या बांधकामात लोखंड टाळले गेले. कात्रीने वळलेली सुई पाहिलेल्या मुलाला त्याचे कारण वेगळे समजावावे लागत नाही.

जास्वंद, हळद आणि आमसूल

लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरून गाळलेला रस तीन पेल्यांत घ्यावा. एकात लिंबू पिळले की तो गुलाबी-लाल होतो, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकला की हिरवट होतो आणि तिसरा तुलनेसाठी तसाच ठेवावा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी साबणाच्या पाण्याने तांबडी होते. आमसुलाच्या पाण्याची गंमत अशी की ते मुळातच आंबट असल्याने सोडा टाकताच आधी फसफसते आणि रंग नंतर पालटू लागतो. किती चमच्यांनी तो पालटतो, ते मोजावे. पानाचा चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये, कारण त्याने डोळ्यांना इजा होते.

वही तपासताना

पहिल्या रकान्यातला चुकलेला अंदाज कधीही खोडायला लावू नये आणि त्यावर लाल शाई चालवू नये. पाहायचे ते इतकेच की 'काय झाले' या रकान्यात मुलाने जे घडले ते लिहिले आहे की जे घडायला हवे होते ते लिहिले आहे. दोन गटांचे निकाल भिन्न आले तर दोघांनी एकमेकांसमोर प्रयोग पुन्हा करावा. निवाडा शिक्षकाने देऊ नये. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल तर तो मुलांसमोर तसाच शेवटच्या पानावर लिहावा आणि केंद्रशाळेतल्या किंवा माध्यमिक शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना विचारून पुढच्या आठवड्यात त्यावर बोलावे.

28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. त्या दिवशी विकत आणलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृती मांडण्याऐवजी मुलांचे भरतीचे तक्ते, पावसाचे आकडे आणि मोडांची बेरीज भिंतीवर लावावी आणि समजावून सांगण्याचे काम मुलांनीच करावे. पाहायला येणाऱ्यांत भात लावणारे, होड्या घेऊन जाणारे आणि आंब्याची बाग राखणारे पालक असतात. कोणता आंबा तयार आहे हे ओळखण्यासाठी तो पाण्यात टाकून पाहण्याची रीत त्यांच्यापैकी कुणीतरी सांगेलच. तक्त्यांशेजारी एक कोरी वही ठेवावी, पालकांचे प्रश्न आणि रीती तिच्यात लिहून घ्याव्यात, आणि तयार आंबा बुडतो की तरंगतो, यावर वर्गाचे अंदाज त्याच दिवशी घेऊन ठेवावेत. एप्रिलमध्ये आंबा उतरू लागला की घमेले पुन्हा भरता येईल.